अवघड जागा

"काका, श्वास सोडा ना."

खुर्ची मागे पाडलेली, मान वर, डोळे मिटलेले, गळ्यावर गार होत चाललेला फेस. मला आधी वाटलं शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला सांगतोय. डोळे उघडले तर तो पोरगा वस्तरा हवेत धरून माझ्याकडेच बघत होता. म्हटलं काय झालं रे, तर म्हणे, "तुम्ही श्वास धरून बसता. गळ्याशी आलो की दर वेळी. मग गळा ताठ होतो, वस्तरा उडतो." मी हो हो म्हणून श्वास सोडला, तो हसला, दोन मिनिटांत गळा आवरला, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला, झालं. बाहेर आलो, रविवारचं पोह्यांचं पार्सल घेतलं, गाडी चालू केली आणि सिग्नलला थांबल्यावर लक्षात आलं की डोक्यात तेच चाललंय. दर वेळी म्हणाला तो. म्हणजे तो गेले कित्येक महिने हे बघत होता आणि बोलत नव्हता. पन्नाशीला आलेला माणूस मी, बत्तीस-तेहतीस वर्षं दाढी करतोय, करून घेतोय, आणि आपण गळ्याशी श्वास धरतो हे मला बावीस-तेवीस वर्षांच्या पोराकडून कळावं? घरी येऊन बायकोला सांगितलं तर पोह्यांवर शेव घालता घालता ती म्हणाली, "तू फोटो काढतानाही धरतोस." हे अजून नवीनच.

आता वस्तऱ्याच्या दाढीचं असं आहे की गालांना कुणी घाबरत नाही. गाल म्हणजे माळरान. कानाजवळून निघायचं आणि सरळ खाली यायचं, नवशिकासुद्धा गाल बरा करतो. खरं प्रकरण जबड्याच्या कडेवरून वळलं की सुरू होतं, म्हणजे वाईहून निघून सपाट रस्त्यानं मजेत जाताना एकदम पसरणीचा घाट लागावा तसं. हनुवटीची गोलाई, खालच्या ओठाखालचा तो खड्डा जिथे चार केस कायम लपून बसतात, नाकाखालची पन्हळ, कानाच्या पाळीखाली जबडा जिथे वळतो तो कोपरा, आणि सगळ्यात शेवटी गळ्याची घाटी. आपल्याकडे म्हणतात ना, अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, त्यातली अवघड जागा वेगळी आहे हे मला माहितीये, पण चेहऱ्यावरच्या या जागाही काही कमी नाहीत. मी नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की ह्या सगळ्या जागा हलणाऱ्या आहेत. बोललं की ओठ हलतो, गिळलं की घाटी वरखाली होते, दात आवळले की जबड्याचा कोपरा फुगतो. गाल बिचारा हसला तरच हलतो आणि न्हाव्यासमोर कोण हसतंय.

मला पहिल्यांदा वस्तरा लागला तो आबांचा.

आबा म्हणजे आमच्या गावचे न्हावी. गाव वाईपासून जवळच. दर आठवड्याला, बहुतेक बुधवारी, सकाळी ते धोकटी घेऊन आमच्या पडवीत यायचे, आणि आजोबा आधीच उघड्या अंगाने पाटावर बसलेले असायचे, खांद्यावर जुनं धोतर. धोकटी उघडली की एक विशिष्ट वास यायचा, चामडं, ओला साबण, खोबरेल आणि थोडा गंजाचा, तो वास मला आजही कुठे तरी अचानक येतो, परवा चांभाराच्या टपरीवर आला. पितळेची वाटी, तिच्यात आजीने दिलेलं कोमट पाणी. आबा फेस फारसा करायचे नाहीत, पाणीच खूप वेळ चोळायचे, बोटांनी, गोल गोल, आणि तोवर गावातल्या बातम्या चालायच्या, कुणाची विहीर लागली, कुणाची मोडली सोयरीक. मला वाटायचं टाइमपास करतायत. नंतर खूप वर्षांनी स्वतः शिकलो तेव्हा कळलं की दाढी तिथेच होत असते, केस पाणी प्यायला की नरम होतो, कोरड्या केसाला वस्तरा लावला तर तो कापत नाही, ओरबाडतो. बिनपाण्याने करणे हा वाक्प्रचार काय उगाच नाही आला. मग पट्टा. पट्ट्याचं एक टोक खुंटीला, दुसरं आबांच्या डाव्या मुठीत, आणि वस्तरा त्यावर जाताना चट आणि येताना चट, पाठ पुढे, धार मागे, टोकाला पोचला की पाठीवर कुस बदलायचा, धार कधी आधी लागायची नाही. आजोबांचे डोळे त्या आवाजावरच मिटायचे.

माझी पाळी आली अकरावीत. खरं तर दाढी म्हणावं असं काही नव्हतं, हनुवटीवर आणि गळ्यावर थोडी जावळासारखी लव, पण सुट्टीत गावी गेलो आणि आजोबा म्हणाले बस. आबांनी माझा जबडा दोन बोटांनी धरला आणि उजेडाकडे फिरवला, बैलाचे दात बघतात तसं अगदी. मग डाव्या जबड्याखाली, घाटीपासून तीन बोटं बाजूला, अंगठा फिरवला आणि थांबले. परत फिरवला. आणि मला नाही, आजोबांना म्हणाले, "ह्याला बी भोवरा हाय. तुमच्याच जागंवर." आजोबा म्हणाले, "असणारच." बास, एवढंच. डोक्यावर भोवरा असतो हे माहीत होतं, दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात वगैरे, पण गळ्यावर? आबांनी माझं बोट धरून तिथे फिरवलं. इकडून गुळगुळीत, तिकडून खरखरीत, वरून गुळगुळीत, खालून परत खरखरीत. केस गोल फिरलेले होते. त्या जागी सुलटी आणि उलटी असं काही नसतंच, कुठूनही या, अर्धे केस उलटेच लागणार. आबा म्हणाले इथं वस्तरा न्यायचा नाय, कातडी न्यायची. आणि त्यांनी अंगठ्याने माझी कातडी जबड्याच्या हाडावर ओढून घेतली, जिथे खाली टणक आधार आहे तिथे, आणि तीन-चार छोटे छोटे हात मारले, प्रत्येक वेगळ्या दिशेने, घड्याळाचा काटा फिरावा तसे. नख कापायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही.

मग घाटी. घाटी सोळा-सतरा वर्षांच्या पोराची असते ती भलतीच पुढे आलेली असते, गिळलेली सुपारी अडकावी तशी. तिच्यावर सरळ वस्तरा चालवला तर दोन्ही बाजूंचं राहतं आणि मधलं कापतं. आबांचं तंत्र असं की कातडी उजवीकडे सारायची, घाटीवरची जागा बाजूला सपाटीवर आणायची, तिथे करायची, मग डावीकडे सारायची. आणि मधोमध जे राहील त्याला म्हणायचे, "गिळ." मी गिळायचो. घाटी वर जायची. "आता धर." आणि मी धरायचो. गिळताना मध्येच थांबायचं म्हणजे श्वासही थांबतोच, दुसरा इलाजच नसतो. एक-दोन हात. "सोड."

बहुतेक तिथूनच लागली असणार ती सवय. "धर" लक्षात राहिलं, "सोड" विसरलो.

आबांबद्दल लिहायला लागलं की मी फार गोड गोड लिहितो हे माझ्या लक्षात येतं, म्हणून हेही लिहून टाकतो. पडवीच्या कोनाड्यात एक कप होता, कान तुटलेला, निळ्या फुलाचा. तो आबांचा. चहा झाला की ते स्वतः विसळून परत कोनाड्यात पालथा ठेवायचे. ज्या माणसाची बोटं दर आठवड्याला आजोबांच्या ओठावर, नाकावर, गळ्यावर फिरायची त्याचा कप घरातल्या कपांत चालायचा नाही, आणि हे इतकं रोजचं होतं की मला ते विचित्र आहे हे कळायला शहरात यावं लागलं. आणि आबांचं म्हणाल तर आबा तरी कुठे सगळ्यांकडे जायचे. ओढ्यापलीकडच्या वस्तीत त्यांची धोकटी कधी उघडली नाही, तिथले लोक एकमेकांची करायचे नाहीतर वाईला जायचे. म्हणजे त्यांचा कप वेगळा आणि त्यांचा वस्तरा पण वेगळा, दोन्ही एकाच पडवीत. आजी एकदा बोलता बोलता बोलून गेली होती की आजोबांची एक आत्या होती, आलवणातली, आणि तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायला आबांचे वडील परसदारी यायचे. पुढच्या दाराने नाही. आबांनी हे मला कधी सांगितलं नाही. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेतली होती आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं होतं, हे मी कॉलेजात वाचलं तेव्हा मला त्या परसदाराची आठवण झाली. मुंबई तिथून काही फार लांब नाही. पण ती सभा आमच्या परसदारापर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं लागली असं दिसतं. पुण्यातल्या माझ्या सलूनमध्ये आता आरशाच्या वर संत सेना महाराजांची तसबीर आहे, शेजारी जिवा महालांचं चित्र, खाली एलईडीची माळ, आणि कागदी कपातला चहा सगळ्यांना सारखा. तो पोरगा मला चहा मागवतो तेव्हा मी कप नीट बघतो. उगाच.

वडील आबांकडे बसत नसत. नोकरीला लागल्यापासून त्यांची दाढी रोज सकाळी सात वाजता, मोरीतल्या आरशात, दोन बाजूंच्या पात्याच्या रेझरने, रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत. रेझरच्या त्या यंत्रामुळे जगातली सगळी अवघड जागा सपाट झाली असं म्हणतात ते खरंही आहे, कोन धरायची कटकटच गेली. गंमत म्हणजे जिलेटने 1903 मध्ये ते विकायला काढलं तेव्हा पहिल्या वर्षात एकूण 51 रेझर आणि 168 पाती खपली. कुणाला वाटलं असेल की आबांच्या धंद्याला यापासून धोका आहे? पण आला. आणि मग नव्वदच्या दशकात एड्सची भीती आली, आणि सलूनच्या भिंतींवर ते पोस्टर आलं आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या "नवीन ब्लेड टाका" म्हणायला लागलं. आता न्हावी तुमच्या समोर ब्लेड कागदात धरून मधोमध मोडतो, तो कट्ट आवाज मुद्दाम ऐकू येईल असा, आणि अर्धं पातं वस्तऱ्याच्या तोंडात सरकवतो. त्यालाही आपण वस्तराच म्हणतो. पण त्याला वजन नाही. आबांचा वस्तरा स्वतःच्या वजनाने खाली यायचा, हात फक्त धरून असायचा. हा अर्ध्या पात्याचा दाबावा लागतो, आणि दाबला की अवघड जागी तो लगेच सांगतो.

असो. मी स्वतः शिकलो ते लॉकडाऊनमध्ये. खोटं कशाला बोला, तोवर मी पण वडिलांसारखाच, घाईच्या दिवशी कार्ट्रिजवाला आणि रविवारी सलून. मार्चअखेरीला सगळं बंद झालं आणि माझी रविवारची दाढी गेली. जून संपता संपता, 28 तारखेला, महाराष्ट्रात सलून उघडली, पण केस कापायला परवानगी, दाढीला नाही. कातडीला हात लावायचा नाही म्हणे. मला त्या नियमाचं काही चूक वाटलं नाही, त्या दिवसांत ते बरोबरच होतं, पण इतकी माणसं मास्क लावून खुर्चीत बसलीयेत आणि डोक्याच्या मागून पुढे यायला न्हाव्याला मनाई आहे हे चित्र मला काही केल्या विसरता येत नाही. तोवर मी आजोबांची लोखंडी पेटी उघडलेली होती. गावचं घर आवरताना ती पुण्याला आणून माळ्यावर टाकली होती. त्यात त्यांचा स्वतःचा वस्तरा निघाला, काळ्या मुठीचा, पात्याच्या बुडाशी सोलिंगेन असं कोरलेला, आणि सोबत जुन्या सदऱ्याच्या फडक्यात गुंडाळलेला एक पिवळसर गुळगुळीत दगड. सोलिंगेन हे जर्मनीतलं गाव, पात्यांसाठी नावाजलेलं, ते गाव आणि आमचं गाव एकमेकांना कसं भेटलं कोण जाणे. आजोबा रेल्वेत होते, मुंबईत कुठेतरी घेतला असेल. आबा त्यांची दाढी करायचे तेव्हा आबांच्याच वस्तऱ्याने करायचे, हा कधी बाहेर आलेला मी पाहिला नव्हता. म्हणजे आजोबा मधल्या दिवशी स्वतः करत होते? का नुसताच घेऊन ठेवला होता, हौस म्हणून? विचारायला आता कुणीच नाही.

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं माझं झालं. ऑफिस घरून, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, आणि मी बाथरूमच्या दाराच्या कडीला जुना चामड्याचा कमरेचा पट्टा अडकवून चट चट करतोय. पहिल्याच दिवशी कुस बदलताना चुकलो, पाठीऐवजी धारेवर पलटी मारली आणि पट्ट्याला ही एवढी चीर. दगडावर धार लावताना मात्र उलटं, तिथे धार पुढे जाते, हे मी व्हिडिओ बघून शिकलो, आणि दोन आठवडे नुसती धारच लावत होतो, हाताच्या केसांवर बघत होतो, आणि बायको म्हणत होती हाताची हजामत झाली, आता तोंडाचं काय. मग गाल. गालाला चार दिवस. पातं कातडीवर आधी आडवं टेकवायचं आणि मग जरासं उचलायचं, तीस अंशांच्या आसपास, त्यापेक्षा जास्त उचललं की खरवडतं आणि कमी ठेवलं की केसांवरून घसरतं. आवाजावरून कळतं. बरोबर कोन असला की सुक्या पानावर कुणी बोट फिरवावं तसा बारीक आवाज येतो. आरसा मात्र शत्रू आहे. उजवा हात डाव्या गालाकडे नेताना आपलंच कोपर आपल्या डोळ्यांसमोर येतं आणि हात नक्की कुठे चाललाय ते दिसत नाही, आणि मला तेव्हा आबांचा पहिल्यांदा खरा हेवा वाटला, की त्यांना माझा चेहरा आरशातून नाही, सरळ दिसायचा.

हनुवटीला कापलं. अर्थातच. हनुवटी म्हणजे लिंबू सोलण्यासारखं आहे, लांब हात मारायला गेलात की संपलात, नखाएवढे छोटे हात आणि प्रत्येक हातानंतर परत कातडी ताणायची. खालच्या ओठाखालचा खड्डा भरून काढायला ओठ आत दातांवर ओढून घ्यायचा, म्हातारे दात नसताना करतात तसं तोंड, मग तो खड्डा वर येतो. जबड्याच्या कोपऱ्याला मान उलट बाजूला वळवून कातडी कानामागे ओढायची. हे सगळं मी शिकलो, रक्त, तुरटी, टिश्यूचे तुकडे चिकटवून मीटिंग, सगळं करून ऑगस्टपर्यंत बऱ्यापैकी जमायला लागलं. भोवऱ्याची जागा सोडून. ती मला स्वतःला कधीच जमली नाही. एका हाताने कातडी हाडावर ओढून दुसऱ्या हाताने चार दिशांनी यायचं म्हणजे तिथे मनगट वळायलाच जागा नाही. तेवढी चवलीएवढी जागा राहायची. रोज हात लावून बघायचो, इकडून गुळगुळीत, तिकडून खरखरीत.

आणि वरचा ओठ. त्याला मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण वरच्या ओठाला वस्तरा लागल्याची मला एक जुनी आठवण आहे.

2011 मध्ये वडील गेले. दहाव्याला वाईला कृष्णेच्या घाटावर. तोवर मला मिशी होती, कॉलेजपासून, एकदाही काढलेली नाही, लग्नाच्या फोटोत मिशी, पासपोर्टवर मिशी. घाटावरचा न्हावी उकिडवा बसलेला, समोर स्टीलचा तांब्या, शेजारी मोडलेल्या ब्लेडच्या कागदांची रास. डोकं झालं, दाढी झाली, सगळं भराभर, त्याच्यामागे अजून तिघं थांबलेले. मग त्याने मिशीला ओला हात लावला आणि म्हणाला, ओठ दातांवर ओढून घ्या. मी घेतला. तो सुटला. परत घेतला. परत सुटला. मी रडत नव्हतो, दहा दिवसांत जे काय रडायचं ते रडून झालं होतं असं मला वाटत होतं, डोळे अगदी कोरडे होते, फक्त तो ओठ ऐकत नव्हता. नुसता थरथरत होता, माझा नसल्यासारखा. लाज वाटायला लागली, चुलते बघत होते. न्हाव्याने वस्तरा मनगटावर पुसला आणि म्हणाला, "होऊ द्या. मी ह्यांचं घेतो तोवर." आणि उठून शेजारी बसलेल्या चुलतभावाचं डोकं करायला घेतलं. मी तिथेच पायरीवर, अर्ध्या ओल्या मिशीने, नदीकडे बघत. पाणी कमी होतं, पलीकडे कुणीतरी गोधडी धूत होतं, आपटत होतं, आपटलेली आधी दिसायची आणि आवाज मागून यायचा. चुलतभावाचं अख्खं डोकं झालं तेवढ्या वेळानं तो परत माझ्यासमोर आला, काही न बोलता नाकाचा शेंडा चिमटीत धरून वर केला, आणि नाकाखालून दोन, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. ओठ गप्प होता. आणि मग ओठावर वारा लागला. एवीतेवी वारा सगळ्या अंगाला लागतच होता, डोक्याला पण, पण ओठावर लागलेला वेगळा होता, थंड, जवळजवळ ओला.

घरी आलो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. त्याने मला ओळखलं नाही असं नाही, ओळखलं, पण जवळ येईना. मग संध्याकाळी मांडीत येऊन बसला आणि एक बोट माझ्या ओठावर ठेवून किती तरी वेळ इकडून तिकडे फिरवत राहिला. मिशी मी परत ठेवलीच नाही. लोक विचारायचे, मी म्हणायचो कंटाळा आला.

तो मुलगा आता दाढीवाला आहे. म्हणजे आजकालची पोरं ठेवतात तशी, तीन मिलिमीटर, ट्रिमरवर आकडा लावलेला, गळ्यावर कडेची रेघ मारलेली, रेघेखाली पण मशीनच. कातडीपर्यंत त्याची दाढी आजतागायत गेलेली नाही. वस्तरा बघितला की म्हणतो, बाबा तुम्ही तो प्लीज घरात नका ठेवू. त्याची घाटी हल्ली चांगलीच बाहेर आलीये. जेवताना पाणी पितो तेव्हा ती वरखाली होते आणि मी बघत बसतो, त्याच्या डाव्या जबड्याखाली, तीन बोटं बाजूला. तीन मिलिमीटरच्या केसांत काही कळत नाही. हात लावून बघितलं तर दोन सेकंदांत कळेल. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या गळ्याला बापाने हात लावायचा म्हणजे काय कारण सांगून लावायचा? एकदा डास बसलाय असं म्हणून प्रयत्न केला, त्याने मानच मागे घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी वरणाचं भांडं पुढे ओढलं.

आजोबांचा वस्तरा आता परत पेटीत आहे, तेल लावून. सलून पूर्ण उघडल्यावर मी रविवारचा परत खुर्चीत जायला लागलो, अवघड जागांचा मला तसा फार पुळका नाही, दुसऱ्याने केल्या तर बऱ्याच. मुलगाही तिथेच केस कापतो, त्याच पोराकडे, दोघांचं चांगलं जमतं, क्रिकेट वगैरे बोलतात, माझ्याशी बोलतो त्यापेक्षा तिथे जास्त बोलतो. तर परवाच्या रविवारी खुर्ची मागे पडली, फेस झाला, गाल झाले, हनुवटी झाली, आणि पोराचा अंगठा माझ्या डाव्या जबड्याखाली आला आणि त्याने कातडी हाडावर ओढून घेतली. न सांगता. त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. छोटा हात, वरून. छोटा हात, बाजूने. मी फेसातल्या फेसात, ओठ जेमतेम हलवत विचारलं, "आमच्या चिरंजीवाला आहे का रे असा भोवरा, इथे?"

तो थांबला. वस्तरा टॉवेलला पुसला.

"काय माहीत काका. तिथे हात लावू देत नाही तो. गुदगुल्या होतात म्हणतो." आणि परत अंगठा टेकवून, "श्वास सोडा."